चित्राखाली ‘डाल’ असे नाव आहे. पण कोणते डाल?

नॉर्वेच्या किनाऱ्यावरचा उभा कडा, त्याच्या पायथ्याशी चार लाकडी घरे आणि पुढे पाणी, असे एखादे जुने चित्र समोर आले आणि त्याखाली नुसते ‘डाल’ लिहिलेले असले, की हमखास गल्लत होते, कारण या आडनावाचे दोन नामवंत नॉर्वेजियन निसर्गचित्रकार होऊन गेले: योहान क्रिस्टियान डाल (१७८८–१८५७) आणि हान्स डाल (१८४९–१९३७). या शब्दाचा अर्थच मुळी ‘दरी’ असा असल्याने त्या देशात हे आडनाव वारंवार भेटावे यात नवल नाही.

योहान डाल हे नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या एका कोळ्याचे चिरंजीव. ते १८१८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनला गेले, तिथेच स्थायिक झाले आणि १८२३ पासून प्रसिद्ध जर्मन निसर्गचित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख यांच्याच घरात राहू लागले. परंतु १८२६ ते १८५० या काळात त्यांनी नॉर्वेचे पाच दौरे केले आणि तिथल्या रेखाटनांच्या आधारे मोठी चित्रे ड्रेस्डेनमध्ये रंगवली. ढगांचे अभ्यासही ते तारीख घालून रंगवत, आणि ही शिस्त त्यांच्या किनाऱ्याच्या चित्रांतही जाणवते: खडकांना ठिसूळ वा टणक असा स्वभाव असतो, आणि वारा कोणत्या दिशेचा आहे ते लाटांवरून सांगता येते. त्यांच्या १८३२ च्या जहाजफुटीच्या चित्रात समुद्रापुढे माणूस अगदी लहान आहे. घरे असली, तर ती कड्याच्या आडोशाला अंग चोरून बसल्यासारखी वाटतात.

हान्स डाल पश्चिम नॉर्वेतल्या हार्डांगर भागातले. जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे नॉर्वेजियन चित्रकार हान्स गूडे यांच्याकडे शिकून ते ड्युसेलडॉर्फला गेले आणि १८८८ मध्ये बर्लिनला स्थायिक झाले. जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मची त्यांच्यावर मर्जी होती. त्यांच्या चित्रांत बहुधा स्वच्छ ऊन असते, फ्योर्डचे, म्हणजे कड्यांमध्ये खोल शिरलेल्या अरुंद खाडीचे, पाणी चमकत असते आणि अगदी पुढे पारंपरिक पोशाखातल्या हसऱ्या मुली असतात. कडा आणि गाव त्यांच्यामागे नाटकातल्या पडद्यासारखे उभे राहतात. हात सफाईदार आहे, हे मान्य करूनही माझे मत असे, की इथे हवामान कुणाचेच काही बिघडवत नाही.

चित्रात मुली नसल्या, तर आभाळ पाहावे: ढगांमुळे खालच्या गावाला काही भोगावे लागणार असेल, तर ते चित्र बहुधा योहान यांचे.