रे नगरची घरं फुकट मिळालेली नाहीत

सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या रे नगर या कामगार वसाहतीत सरकारने घरं फुकट वाटली, असं सोलापुरात आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. हे खोटं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतून घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये अनुदान मिळतं. उरलेला भार लाभार्थ्याचा. विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या, शिलाई करणाऱ्या माणसांनी तो उचलला. त्यांना फुकटे म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. माकपचे माजी आमदार नरसय्या आडम मास्तर यांच्या पुढाकाराने हे कामगार वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले, तेव्हा कुठे ३० हजारांपैकी पहिल्या १५ हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झालं. त्याआधी विडी कामगारांची १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहतही कुंभारीत अशीच उभी राहिली: थोडा वाटा सरकारचा, थोडा कामगारांचा.