भंडारा उचलायला लावणं वेगळं, धर्मावर मत मागणं वेगळं

ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या गल्लीत पाकीट येतं आणि पाकिटामागून भंडारा येतो. पैसे हातावर टेकवले की पॅनलचा माणूस खिशातली पुडी सोडतो. "उचला भंडारा. खंडोबाची आण, मत फुटायचं नाही." घर मुसलमानाचं असलं तर कुराणावर हात. कुठं लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात.

हाच माणूस सकाळी पारावर बसून मोबाइलवर कुठल्यातरी पुढाऱ्याचं भाषण ऐकतो आणि म्हणतो, "धर्माच्या नावावर मतं मागतेत, काय राहिली लोकशाही!" रात्रीचा भंडारा त्याच्या हिशेबातच नसतो. आणि ज्यांच्या हिशेबात असतो, ते दोन्ही गोष्टी 'राजकारणात धर्म आणला' एवढ्यावर मिटवून टाकतात. कायद्यानं मात्र त्या दोन वेगळ्या खणांत ठेवल्यात.

1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123 निवडणुकीतले गैरप्रकार सांगतं. त्याचं दुसरं उपकलम दडपणाचं. इजा करण्याची किंवा जातीतून काढण्याची धमकी त्यात येतेच, पण तिच्या शेजारी आणखी एक गोष्ट लिहिलीय : अमक्याला मत दिलंस किंवा दिलं नाहीस तर तुझ्यावर, तुझ्या माणसांवर देवाचा कोप होईल, असं मतदाराच्या मनात भरवणं. हा कायदा संसद-विधिमंडळाच्या निवडणुकांपुरता. पण मतदारावर असं दडपण आणणं फौजदारी कायद्यातही गुन्हा आहे, आणि तो ग्रामपंचायतीच्या मतदानालाही लागतो. तिसरं उपकलम हाकेचं : धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं सांगणं, किंवा त्यासाठी धार्मिक चिन्हं वापरणं.

दडपण कशाला म्हणायचं, हे 1959 साली सर्वोच्च न्यायालयानं एका पंजाबी खटल्यात सांगितलं. 1957च्या विधानसभा निवडणुकीत नामधारी शिखांच्या सद्गुरूंनी अनुयायांना एका उमेदवाराला मत देण्याचा हुकूम काढला होता. धर्मगुरूलाही इतर नागरिकांसारखं मत आहे, तो एखाद्याचा प्रचारही करू शकतो, हे न्यायालयानं मान्य केलं. पण अनुयायाला दुसरी वाटच उरू नये अशा भाषेत तो बोलला, तर ते दडपण. निवडणूक रद्द झाली. म्हणजे महाराजांनी कीर्तनात उमेदवाराची तारीफ केली, तर एवढ्यावरून ते दडपण ठरत नाही. 'याला मत दिलं नाही तर माळ उतरवा' म्हटलं, की गोष्ट बदलली.

मला खरा फरक दिसतो तो मतदानाच्या खोक्याच्या आड. बटन दाबताना कुणी बघत नाही, हा गरिबाचा एकमेव आडोसा. सावकार, पाटील, पॅनलप्रमुख, सगळे त्या पुठ्ठ्याबाहेर उभे. भंडाऱ्यानं नेमका तोच आडोसा फुटतो, कारण खंडोबाला पुठ्ठा आड येत नाही. भाषणाचं तसं नसतं. ते चौकात होतं, शेजारच्या चौकात त्याला उत्तर देता येतं, ऐकून घरी जाताना माणूस विसरूही शकतो. आणेला उत्तर देणारा विरोधी उमेदवार कुठं असतो? तो फार तर स्वतःची पुडी घेऊन येतो.

कोर्टात मात्र चित्र उलटं. भाषण टेपवर, व्हिडिओत सापडतं, म्हणून गाजलेले खटले हाकेचेच. विलेपार्ल्याच्या 1987च्या पोटनिवडणुकीत रमेश प्रभूंची निवड रद्द झाली, डिसेंबर 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्दच ठेवली, आणि त्या प्रचारातल्या भाषणांपायी बाळासाहेब ठाकरेंचा मतदानाचा हक्क 6 वर्षांसाठी गेला. त्याच दिवशी मनोहर जोशींच्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं, की महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल हे वाक्य म्हणजे तेवढ्यानं धर्माच्या नावे मत मागणं होत नाही, ती फार तर आशा. हाकेची रेघ इतकी बारीक आहे. आणि भंडाऱ्याचा खटला? कोर्टात साक्षीला उभं कोण राहणार? साक्षीदारानं पाकीटही घेतलेलं असतं.

हाक कुणाच्या धर्माची, हा गुंता पुढं बरीच वर्षं चालला. कलमात 'त्याच्या धर्माच्या आधारावर' असं लिहिलंय; त्यातला 'त्याच्या' हा शब्द उमेदवाराला लागू की मतदारालाही? सांताक्रूझच्या 1990च्या निवडणुकीतून निघालेल्या खटल्यात 2 जानेवारी 2017 रोजी 7 न्यायमूर्तींनी 4 विरुद्ध 3 असा निकाल दिला : मतदारालाही. बहुमतात बोबडे, विरोधात चंद्रचूड आणि लळित, म्हणजे मराठी न्यायमूर्तीही दोन्हीकडं. मला अल्पमताचं म्हणणं अजून टोचतं. ज्यांना जातीपायी, धर्मापायी सोसावं लागलं त्यांनी ते सोसणं प्रचारात बोलूच नये का? विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव 1978 मध्ये होऊनही मागणी 14 जानेवारी 1994 पर्यंत ज्या मराठवाड्यात रेटावी लागली, तिथं हा प्रश्न पुस्तकी नाही.

उमेदवारानं अर्ज भरण्याआधी तुळजापूरला ओटी भरली, हुजूर साहिबला माथा टेकला, हे मात्र दोन्ही खणांत बसत नाही. संन्याशानं निवडणूक लढवणंही नाही. स्वामी रामानंद तीर्थ 1952 मध्ये गुलबर्ग्यातून आणि 1957 मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर गेले.

माझ्या एका चुलतीकडं मागच्या वेळी एकाच रात्री दोन्ही पॅनलचे लोक येऊन गेले. तिनं दोन्हीकडचा भंडारा उचलला, पाकिटं डब्यात ठेवली आणि मत तिला द्यायचं तिथं दिलं. मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेत तिनं खंडोबापुढं दोन नारळ फोडले. "देवाला सांगितलं," ती म्हणाली, "भंडारा तुझा, पण आणणारे तुझे नव्हते."