दीक्षेसाठी नागपूरच का? एक खुलासा

नागपुरात वेगवेगळ्या धर्मांची माणसे मोकळेपणाने बोलायला बसली की दसऱ्याच्या सुमारास एक विधान हमखास ऐकू येते: राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मुख्यालय येथे असल्यामुळे, त्याला शह देण्यासाठीच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराला हे शहर निवडले. संघाची स्थापनाही येथेच, 1925च्या विजयादशमीला झाली असल्याने हे अनुमान सहज पटते. मीही ते बरीच वर्षे खरे मानत होतो.

मात्र 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षा घेतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी संघाचे नाव घेऊन या तर्काचा इन्कार केला होता. भारतात बौद्ध धर्माचा प्रसार नाग लोकांनी केला, त्यांची मुख्य वस्ती या परिसरात होती आणि शहरातून वाहणारी नदीही नाग नावाचीच आहे, म्हणून हे स्थळ निवडले, असे कारण त्यांनी दिले. दिवस निवडला तोही अशोक विजयादशमी, म्हणजे सम्राट अशोकाने बौद्ध धर्म स्वीकारल्याचा मानला जाणारा दिवस म्हणून. (नागांविषयीची ही मांडणी इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरते, हा वेगळा वाद आहे, येथे प्रश्न त्यांच्या हेतूचा आहे.)

येवल्यात 1935 साली केलेल्या धर्मांतराच्या घोषणेनंतर एकवीस वर्षे विचार करून स्वीकारलेल्या धर्माला कोणावरची तरी प्रतिक्रिया ठरवले की, समोर बसलेल्या बौद्ध मित्राची ओळख आपण नकळत दुसऱ्याच्या संदर्भाने मोजू लागतो. तो मात्र बुद्ध आणि धम्म यांविषयी बोलत असतो.