कंट्री गीतरचना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कंट्री या लोकप्रिय संगीतप्रकारासाठी होणारी गीतरचना. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहर हे तिचे केंद्र. ‘तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) आणि सत्य’ ही तिची व्याख्या गीतकार हार्लन हॉवर्ड (१९२७–२००२) यांच्या नावावर सांगितली जाते. ती बहुधा १९५० च्या दशकातली असावी. तीन कॉर्डबद्दल कोणाचे दुमत नाही. वाद आहे तो सत्याबद्दल. २०१२ नंतरची गीते साचेबंद झाली असा आक्षेप घेतला जातो, पण वाद तेवढ्यापुरता मर्यादित नाही.

आजची गीते साचेबंद आणि पूर्वीची अस्सल, हे मत तपासायचे तर आरंभापाशी जावे लागते. टेक्ससचे फिडलवादक (व्हायोलिनवादक) ‘एक’ (Eck) रॉबर्टसन यांची न्यूयॉर्कमधील ध्वनिमुद्रणे (१९२२) सामान्यतः कंट्री संगीताची पहिली मानली जातात. परंतु ती मुख्यतः वादनाची आहेत. गीताच्या दृष्टीने फिडलिन जॉन कार्सन यांचे अटलांटा येथील ध्वनिमुद्रण (जून १९२३, नेमक्या तारखेबद्दल नोंदी जुळत नाहीत) अधिक महत्त्वाचे ठरते. ध्वनिमुद्रण करणारे राल्फ पीर यांना ते गाणे मुळीच आवडले नव्हते, असे सांगतात. तबकडी मात्र खपली. डोंगराळ दक्षिणेचा अस्सल स्वर म्हणून गाजलेले ते गीत, गल्लीतल्या जुन्या लाकडी खोपटाचे, लोकगीत नव्हतेच. लुइव्हिलचे व्यावसायिक गीतकार विल एस. हेझ यांनी ते १८७१ च्या सुमारास रंगमंचासाठी लिहिले होते. त्यातील निवेदक वृद्ध, पूर्वी गुलाम असलेला कृष्णवर्णीय आहे, लिहिणारा गौरवर्णीय. गावाकडची हुरहूर शहरात बसून लिहिण्याची रीत अशी रेडिओहूनही जुनी आहे.

पुढे १९२७ च्या उन्हाळ्यात पीर यांनीच टेनेसी–व्हर्जिनिया सीमेवरील ब्रिस्टल येथे कार्टर कुटुंबाची गाणी ध्वनिमुद्रित केली. ए. पी. कार्टर घरोघर हिंडून गाणी गोळा करीत. पुढील काळात लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्यासोबत असत आणि चाली लक्षात ठेवीत. तबकडीवर नाव मात्र कार्टर यांचे. ‘गीतकार कोण’ या प्रश्नाला सरळ उत्तर तेव्हाही नव्हते. इतिहासकार बिल सी. मलोन (१९६८) यांनी या संगीताचे मूळ दक्षिणेतील कष्टकरी लोकजीवनात पाहिले, समाजशास्त्रज्ञ रिचर्ड ए. पीटरसन (१९९७) यांच्या मते अस्सलपणा हाच मुळी घडवलेला माल होय. वरील उदाहरणे पाहता गीतांपुरते पीटरसन यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. गायकी आणि वादनाबाबत मलोन यांचे विवेचन आजही उपयुक्त आहे.

रचनेचे मर्म ‘हुक’मध्ये असते. ध्रुवपदाची ओळ शब्दशः तीच राहते आणि कडव्यागणिक तिचा अर्थ सरकत जातो. बॉबी ब्रॅडक व कर्ली पटमन यांनी लिहिलेले आणि जॉर्ज जोन्स यांनी १९८० मध्ये गायलेले गीत याचा नमुना मानतात. ‘आज त्याने तिच्यावर प्रेम करणे थांबवले’ हे ऐकताना माणूस सावरला असे वाटते. दारावरच्या पुष्पचक्राचा उल्लेख आला की तो मेला आहे हे उमगते. आधुनिक गीतांवरील गंभीर आक्षेप येथे लागू पडतो: त्यांच्यात ओळीचा अर्थ सरकत नाही, वस्तूंची यादी वाढते. पिकअप गाडी, कच्चा रस्ता, थंड बिअर, गाडीची मागची फळी उघडून तिच्यावर बसलेली मुलगी. यादीची थट्टा मात्र जुनीच. स्टीव्ह गुडमन यांचे, डेव्हिड ॲलन को यांनी १९७५ मध्ये गाजवलेले गीत आई, आगगाडी, ट्रक, तुरुंग आणि दारू एका कडव्यात कोंबून परिपूर्ण कंट्री गीत झाल्याचे जाहीर करते.

या यादीवजा गीतांना ‘ब्रो-कंट्री’ हे नाव समीक्षक जोडी रोझेन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क नियतकालिकात दिले. निमित्त होते फ्लॉरिडा जॉर्जिया लाइन या जोडीचे ‘क्रूझ’. ते बिलबोर्ड या संगीत नियतकालिकाच्या हॉट कंट्री साँग्ज यादीत २४ आठवडे अग्रस्थानी राहिले. त्यापूर्वीचा २१ आठवड्यांचा उच्चांक अर्धशतकाहून अधिक काळ टिकून होता. हा आकडा लोकरुचीचा पुरावा म्हणून देताना सावध असावे. ऑक्टोबर २०१२ पर्यंत ही यादी कंट्री रेडिओ केंद्रांवरील प्रसारणावर ठरत असे. त्यानंतर विक्री, स्ट्रीमिंग आणि इतर प्रकारच्या केंद्रांवरील प्रसारणही मोजले जाऊ लागले. रॅपर नेली यांच्यासह केलेल्या आवृत्तीचा लाभ ‘क्रूझ’ला झाला तो यामुळेच. २०१७–१८ मध्ये दुसरे एक गीत ५० आठवडे अग्रस्थानी राहिले. मोजपट्टी बदलल्यावर उंचीची तुलना कशी करायची?

लेखनपद्धतीही बदलली. ‘क्रूझ’च्या श्रेयनामावलीत पाच नावे आहेत. नॅशव्हिलच्या म्युझिक रो भागातील संगीत प्रकाशकांच्या खोल्यांत वेळ ठरवून दोघातिघांनी लिहायला बसण्याची प्रथा जुनी. गायक-गीतकार हँक विल्यम्स यांच्या गीतांवरूनही प्रकाशक फ्रेड रोझ यांची लेखणी फिरत असे. नवीन आहे तो संगणकावर ताल आणि वाद्यसाज आधी रचून आणणारा ‘ट्रॅक गाय’ (guy, म्हणजे ‘ट्रॅकवाला’). ताल आधी आला की शब्द त्यावर बसवावे लागतात आणि लांब वाक्याची कथा मागे पडते. गीते यादीवजा होण्यामागे आशयाच्या ऱ्हासापेक्षा हे कारण अधिक पटते.

स्त्रीगायिकांनी जवाबी गीताची, म्हणजे आधीच्या गीताला गीतानेच उत्तर देण्याची, वाट वापरली. किटी वेल्स यांचे १९५२ चे प्रसिद्ध जवाबी गीत पुरुषाने, जे. डी. मिलर यांनी, लिहिलेले होते. २०१४ मध्ये मॅडी अँड टे या जोडीने ब्रो-कंट्रीतील तोकड्या कपड्यांच्या निनावी मुलीला बोलते केले. पुढच्याच वर्षी एका रेडिओ सल्लागाराने गायिकांची गाणी रेडिओवर मोजकीच असावीत अशा अर्थाने त्यांना सॅलडमधील टोमॅटोची उपमा दिल्याने वादंग माजला.

२०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स यांनी गायलेले मोटारीचेच एक गीत कंट्री रेडिओवर अग्रस्थानी पोचले. त्यातली मोटार यादीतली वस्तू नाही. गरिबीतून सुटू पाहणाऱ्या मुलीची गोष्ट तिच्यात बसून पुढे जाते. ट्रेसी चॅपमन यांनी ते एकटीने लिहून १९८८ मध्ये प्रसिद्ध केले होते, कंट्री म्हणून नव्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय गीतकार होत.