एलिफंटाइनचे ज्यू: नाईलमधलं एक मंदिर

आजच्या आस्वान शहरासमोर, नाईलच्या पात्रात एलिफंटाइन नावाचं बेट आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तिथे ज्यू शिपायांची वसाहत होती. चाकरी इराणच्या हखामनी सम्राटाची, काम इजिप्तची दक्षिण सरहद्द राखण्याचं. घरदार, बायकापोरं तिथेच, आणि ‘याहो’ या त्यांच्या देवाचं मंदिरसुद्धा. यज्ञाची वेदी फक्त जेरुसलेमला, हा बायबलमधला दंडक या मंडळींच्या गावीही नसावा.

हे सगळं कळलं अरामी भाषेतल्या पपायरसांमुळे, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या लेखांमुळे. काही १८९३ मध्ये चार्ल्स एडविन विल्बर या अमेरिकनाने विकत घेतले. ते पेटीतच पडून राहिले आणि थेट १९५३ साली छापले गेले. बाकीचे बरेच १९०६ ते १९०८ च्या जर्मन उत्खननात निघाले. अरामी ही तेव्हाची दरबारी भाषा. साम्राज्य गेल्यावरही ती टिकली. अशोकाचा कंदाहारचा लेख ग्रीक आणि अरामीत आहे.

बेटावर ख्नूम या मेंढ्याचं शीर असलेल्या इजिप्शियन देवाचंही मंदिर होतं. इ.स.पू. ४१० मध्ये प्रांताधिपती अर्शाम बाहेरगावी असताना ख्नूमच्या पुजाऱ्यांनी स्थानिक अधिकारी विद्रंग याला हाताशी धरलं आणि याहोचं मंदिर पाडलं. शेजारी मेंढ्यांचा बळी दिला जातो, हे त्यांना खुपत असावं, असा अनेक अभ्यासकांचा तर्क आहे.

जेरुसलेमच्या प्रमुख याजकाला पत्र गेलं, उत्तर नाही. मग ४०७ मध्ये या ज्यूंचा पुढारी यदन्या आणि सहकाऱ्यांनी यहूदाचा, म्हणजे जेरुसलेमच्या प्रांताचा, सुभेदार बगोही याच्याकडे अर्ज केला. अर्ज वाचण्यासारखा आहे: इराणी सम्राट कंबुजिया इजिप्तमध्ये आला तेव्हा इजिप्शियनांची देवळं पाडली गेली, आमच्याला मात्र कोणी हात लावला नाही, आता आम्ही गोणपाट नेसून उपास करतो आहोत. पुढच्या एका पत्रात पशुबळी सोडायची तयारी आणि ‘स्वामींच्या’ घरी हजार अर्दब (धान्याचं एक माप) जव पोचवण्याची कबुलीही आहे. अर्जविनंतीची ही तऱ्हा कुठल्याही राजवटीतल्या रयतेला ओळखीची वाटेल.

बगोहीचा तोंडी निरोप टिपून ठेवलेला सापडला: मंदिर जुन्या जागी बांधा, धान्याचा नैवेद्य आणि धूप चालेल. पशुबळीचा उल्लेखच नाही.

पुढे ४०२ मधल्या एका घराच्या खरेदीखतात चतुःसीमा सांगताना याहोचं मंदिर पुन्हा येतं.