डेटा रिकव्हरी

बिघडलेल्या, चुकून फॉरमॅट मारलेल्या किंवा पाण्यात गेलेल्या संगणकातून फायली परत काढण्याचे काम. फायली परत मिळणार की नाही हे बरेचदा दुकानात जाण्याआधीच ठरलेले असते. बिघाडानंतर डिस्कवर काही नवे लिहिले गेले का आणि ती किती वेळा चालू करून पाहिली, यावर सगळे अवलंबून असते.

संगणक बंद पडला म्हणजे डिस्क गेली असे नाही. एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) उडाला किंवा मदरबोर्ड गेला, तर डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये (दुसऱ्या संगणकाला जोडता येणाऱ्या डबीत) घातली की फायली दिसू लागतात. विंडोज सुरू होत नसली तरी तेच करावे. नवी विंडोज टाकून घेण्याची घाई येथे फार नडते. ‘डी ड्राइव्हमधले सगळे राहील’ हे दुकानदाराचे आश्वासन खरे असते, पण डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर मुळात सी ड्राइव्हवर असतात, आणि नवी विंडोज टाकताना बहुधा तोच पुसला जातो. नव्या लॅपटॉपमध्ये आणखी एक अडसर येतो. डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधल्या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीने) कुलूपबंद असेल, तर दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती कुठेच मिळाली नाही, तर धडधाकट डिस्कही निरुपयोगी.

हार्डडिस्कवरची फाइल डिलीट केली की फक्त तिची नोंद ‘जागा मोकळी’ अशी होते. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो. म्हणून रिकव्हरीचे सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर डाउनलोड करणे म्हणजे स्वतःच्या हाताने फायली पुसणे. फोटोरेकसारखी मोफत सॉफ्टवेअर नोंदींकडे न पाहता थेट मजकुराची खूण शोधतात. जेपीईजी फोटो एफएफ डी८ एफएफ या बाइटांनी सुरू होतो. लग्नाचे फोटो असे परत येतात, पण नावे आणि फोल्डर जातात, आणि हळदीचे, वरातीचे सगळे एकत्र होतात. कॅमेऱ्याने फोटोत नोंदवलेल्या तारीख-वेळेवरून क्रम पुन्हा लावता येतो. एसएसडीत (फिरती तबकडी नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये) मात्र विंडोजकडून जाणाऱ्या ट्रिम आज्ञेमुळे डिलीट केलेली जागा ड्राइव्ह स्वतःच रिकामी करून टाकतो. तिथे आशा कमीच.

डिस्क टकटक वाजत असेल तर ती लगेच बंद करावी. तिचा हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतो आणि तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते. बिघडलेला हेड प्रत्येक फेऱ्यात आणखी चरे पाडू शकतो. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो, करू नये. केवळ बॅड सेक्टर (वाचता न येणारे तुकडे) असतील तर आधी डीडीरेस्क्यू या मोफत सॉफ्टवेअरने डिस्कची प्रत घेतात. ते चांगला भाग आधी उचलते आणि अडणारा नंतरसाठी ठेवते. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करायचे. मूळ डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचे डिस्क दुरुस्त करणारे साधन) चालवणे हा आगाऊपणा ठरतो. डिस्क उघडायची वेळ आली तर धूळमुक्त प्रयोगशाळा लागते. नाशिकहून अशी डिस्क बहुधा मुंबई-पुण्याला जाते.

नाशिकला पुराचा धोका वेगळा. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून गोदावरीचे पाणी मोजले जाते आणि मोठ्या पुरात ते सराफ बाजार, भांडी बाजारात शिरते. २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये हे घडले. साध्या हार्डडिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असते, त्यातून गढूळ पाणी आत जाऊ शकते. अशी डिस्क उन्हात किंवा ड्रायरने वाळवली तर गाळ तबकडीला चिकटतो. ती चालू न करता ओलसर कापडात, बंद पिशवीत घालून तज्ज्ञाकडे न्यावी.

लासलगाव-पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्याला काळजी असते ती टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदींची. टॅली ईआरपी ९ मध्ये कंपनीचा डेटा १०००० यासारख्या पाच अंकी नावाच्या फोल्डरात असतो. त्यातल्या सुट्या दोन-चार फायलींचा उपयोग होत नाही, अख्खा फोल्डर लागतो.

छापखान्यांची अडचण याहून विचित्र. श्रीलिपी किंवा आकृती या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरांच्या जुन्या, युनिकोडपूर्व (सगळीकडे सारखीच अक्षरे दाखवणारी पद्धत येण्याआधीच्या) फाँटमध्ये जुळवलेली पत्रिका पूर्ण परत मिळाली, तरी फाँट नसलेल्या संगणकावर ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल खराब झाली असे समजून ती टाकून देणारेही असतात. म्हणून अशा डिस्कवरून कामाच्या फायलींबरोबर विंडोजचा फाँट्स फोल्डरही काढून घ्यावा लागतो.