गोडेतेल आणि साजूक तूप : मराठी स्वयंपाकघरातील निवड

फोडणी, तळण, मोहन आणि पानात वरून घेणे, या रोजच्या कामांसाठी कोणते तेल-तूप वापरायचे हे ठरवण्याची घरगुती रीत. महाराष्ट्रात ही निवड मुख्यतः पिकाने, भावाने आणि घराला लागलेल्या वासाच्या सवयीने केली आहे; आहारशास्त्राचा नंबर बराच नंतर लागला. 'तेल' हा शब्दच मुळात तिळाचा. तिळातून निघते ते तैल, आणि त्यावरून पुढे सगळ्याच बियांच्या रसाला तेल म्हणू लागले. मराठीने मात्र तिळेल, खोबरेल, एरंडेल अशी वेगवेगळी नावेही जपली. खाण्याच्या तेलाला गोडेतेल म्हणतात. गोडे वरण, गोडे पाणी, गोडा मसाला यांत जो 'गोडा' आहे तोच हा: साखरेचा नव्हे, सौम्य आणि पोटाला चालणारा. वाण्याकडे 'गोडेतेल' मागितले तर तो बहुधा शेंगदाण्याचे देतो. पण शेंगदाणा या यादीतला नवा गडी आहे. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या आधी इथल्या घाण्यांत तीळ, करडई, कारळे आणि जवस पडत असत.

प्रदेशागणिक तेल

पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेशात शेंगदाण्याचे तेल, सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यात करडईचे, विदर्भात जवसाचे, कोकण-गोव्यात खोबरेल, अशी ढोबळ विभागणी दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत होती. नागपुरी सावजी रश्श्याची जुनी चव जवसाच्या तेलाची सांगतात. घाटावरच्या माणसाला खोबरेल म्हणजे डोक्याला लावायचे तेल वाटते. मालवण-गोव्याकडच्या माशाच्या कालवणात तेच जिभेला हवे असते. कारळ्याचे तेल आदिवासी भागांत आजही दिसते. इतरत्र कारळे चटणीपुरते उरले. कोकमाच्या बियांचे तेल गार झाले की गोळ्यासारखे घट्ट होते. ते खाण्यापेक्षा टाचांच्या भेगांना जास्त लागते.

करडईची कथा जरा वेगळी. झाडाला काटे, काढणीला मजूर मिळेना, आणि त्याच रानात हरभरा अधिक सोपा, त्यामुळे पेरा आटत गेला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे संकरित वाणही काढले. तरीही आज करडईचे निखळ तेल मिळवायला ओळखीचा घाणा शोधावा लागतो. सोयाबीनचे उलट झाले. विदर्भ-मराठवाड्यात ते पसरले ते तेलासाठी कमी आणि पेंडीसाठी जास्त, कारण दाण्यात तेल जेमतेम १८ ते २० टक्के असते. शेंगदाण्यात ते ४५ टक्क्यांच्या पुढे जाते.

टंचाई आणि डबे

सगळे घर रिफाइंड तेलाच्या एकाच पिवळ्या पिशवीवर कसे आले, याचे उत्तर चवीत सापडत नाही, टंचाईत सापडते. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या 'डालडा'ने साजूक तुपाला स्वस्त पर्याय दिला आणि ते नाव वनस्पती तुपाचे सामान्यनाम होऊन बसले. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना ट्रान्स मेद तयार होतात आणि ते हृदयाला संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदापेक्षाही वाईट, हे कळायला पुढची अर्धी शताब्दी गेली. भारतात तेला-तुपातील ट्रान्स मेदाची कमाल मर्यादा २०२१ पासून ३ टक्के आणि २०२२ पासून २ टक्के झाली.

१९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांच्या पुढाकाराने मुंबईत बायकांचे लाटणे मोर्चे निघाले, त्यांत धान्य, रॉकेल यांच्या बरोबरीने गोडेतेलाचाही प्रश्न होता. १९८० च्या दशकात रेशनवर आयात पामतेल मिळत असे. पुष्कळ घरांत ते 'रेशनचे तेल' म्हणून तळणापुरते वापरले जाई आणि फोडणीला मात्र दाण्याचेच. आजही देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येते: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल रशिया-युक्रेनमधून. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध आणि इंडोनेशियाची निर्यातबंदी पाठोपाठ आली, तेव्हा पुण्या-नाशिकच्या किराणा दुकानात सूर्यफुलाचे पाऊच का महागले हे वाण्यालाही नीट सांगता येत होते.

कामाप्रमाणे निवड

'सगळ्यात चांगले तेल कोणते' हा प्रश्न अर्धवट आहे. कशासाठी, हे आधी सांगावे लागते.

फोडणीत तेल थोडे आणि ताव मोठा. हळदीचा रंग, मिरचीचा तिखटपणा आणि हिंगाचा वास पाण्यात नीट उतरत नाहीत, तेलात उतरतात. फोडणीचे सगळे इंगित एवढेच. म्हणून कढल्यात आधी तेल तापते, मोहरी तडतडून थांबते, मग हिंग, आणि हळद सर्वांत शेवटी, कारण ती क्षणात जळते. कोल्हापुरी कट किंवा नागपुरी तर्री म्हणजे मिरचीचा रंग ओढून घेऊन वर आलेले तेलच. इथे दाण्याचे, तिळाचे, करडईचे, कोणतेही चालते; वास आवडला पाहिजे. आमटीला तुपाची फोडणीही छान बसते.

तळण साधारण १७० ते १९० अंशांवर होते. तेल धूर सोडू लागते त्या तापमानाला धूम्रबिंदू म्हणतात. रिफाइंड शेंगदाणा तेलाचा तो सुमारे २३० अंश, साजूक तुपाचा २५० च्या आसपास आणि लोण्याचा १५० च्या जवळ, कारण लोण्यात पाणी आणि दुधाचे घन कण असतात. कढवल्यावर दोन्ही जातात आणि तूप तळणाला तयार होते. घाण्यावरच्या तेलात बारीक गाळ आणि मुक्त मेदाम्ले असल्याने ते लवकर धुरते. पिठाची गोळी टाकून ती बुडबुडे काढत सावकाश वर येते का पाहणे, ही थर्मामीटरची घरगुती बहीण अजून निवृत्त झालेली नाही. नुसता धूम्रबिंदू पाहूनही चालत नाही. करडई-सूर्यफुलाची बहु-असंपृक्त मेदाम्ले उष्णतेत लवकर बिघडतात, म्हणून लांबलचक तळणाला शेंगदाणा किंवा राइस ब्रॅन (तांदळाच्या कोंड्याचे तेल) बरे.

मोहन हा निवडीचा सर्वांत नाजूक भाग. पिठात कडकडीत तेल-तूप घातले की ते पिठाच्या कणांवर चढते, पाणी घातल्यावर चिवट जाळे नीट धरत नाही आणि शंकरपाळे खुसखुशीत होते. मोहन कमी पडले तर चकली कडक, जास्त झाले तर तेलात विरते. अनारसा तुपात पडताच विस्कटला की 'अनारसा हसला' म्हणतात. त्या वेळी शेगडीशेजारी कोणी हसत नाही. चिरोट्याच्या साट्याला, म्हणजे थरांमध्ये लावायच्या लेपाला, फेसलेले घट्ट तूप लागते. वनस्पती तुपाला फराळात जागा मिळाली ती त्यामुळे: ते खोलीच्या उष्णतेलाही घट्ट राहते आणि थर सुटे ठेवते. त्या जागी आता गार साजूक तूप फेसून वापरणारे पुष्कळ आहेत. चिरोटा किंचित मऊ होतो, पण घशाला चिकटत नाही.

वरून घ्यायच्या तेला-तुपाला आच लागत नाही, तिथे वास हीच कसोटी. वरण-भातावर तूप, पुरणपोळीवर तुपाची धार, भाकरीबरोबरच्या ठेच्यावर किंवा जवसाच्या चटणीवर कच्चे तेल. रिफाइंड तेलाने यातले काहीच साधत नाही. ठेच्यावर ते ओतले तर ठेचा फक्त ओला होतो. उपवासाला बहुतेक घरांत तूप किंवा शेंगदाणा तेल चालते, बाकीच्यांबद्दल घरोघरी वेगळा कायदा.

साजूक तूप

साय साठवायची, विरजायची, घुसळून ताक आणि लोणी वेगळे करायचे, लोणी पाण्यात धुऊन कढवायचे. लोणी पातेल्यात वितळले की तडतड सुरू होते. तो आवाज आतल्या पाण्याचा असतो. आवाज मंदावतो, फेस विरळ होतो, तळाची बेरी (दुधाच्या घन कणांचा साका) बदामी दिसू लागते, त्या क्षणी गॅस बंद करायचा. अर्धे मिनिट जास्त गेले तर बेरी काळी पडते आणि तुपाला करपट वास येतो. सावकाश निवलेले तूप कणीदार होते. गाईचे पिवळसर, म्हशीचे पांढरे, हा फरक कॅरोटीनचा. अमेरिकेतल्या मराठी घरांत हेच तूप दुकानातल्या बिनमिठाच्या बटरच्या कांड्यांपासून कढवतात. त्यात विरजणाचा आंबूस गंध नसतो, पण बेरी तशीच निघते.

घटक आणि प्रमाण

तेल कोणतेही असो, एका ग्रॅममागे सुमारे ९ कॅलरी पडतात. 'हलके तेल' ही जाहिरातीची भाषा. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतेच, त्यामुळे पिशवीवर ते 'नाही' असे छापणे म्हणजे केळ्यावर 'बिनकाट्याचे' लिहिण्यासारखे. फरक आहे तो मेदाम्लांत. खोबरेलात सुमारे ९० टक्के संपृक्त मेद असतो, साजूक तुपात ६० ते ६५, पामोलिनमध्ये (पामतेलाचा पातळ भाग) ४० च्या पुढे, शेंगदाण्यात २० च्या आसपास, सूर्यफूल-करडईत साधारण १० टक्के. करडईत लिनोलेइक आम्ल (ओमेगा-६ मेदाम्ल) ७५ टक्क्यांपर्यंत असते, पण ओमेगा-३ जवळजवळ नाही. जवसात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असते, पण ते आचेत टिकत नाही. मोहरीच्या तेलात एरुसिक आम्ल, जे जास्त प्रमाणात हृदयाला बरे मानत नाहीत, बरेच असते. एकाच तेलावर न राहता दोन-तीन आलटून-पालटून वापरावीत, असा सल्ला हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था देते, त्याचे कारण यात आहे. आणि प्रदेशागणिक तेल सांभाळणाऱ्या जुन्या घरांना तो नवा वाटत नाही.

बैठे काम करणाऱ्या स्त्रीला रोज २० ग्रॅम आणि पुरुषाला २५ ग्रॅम दृश्य स्निग्ध, म्हणजे तेल, तूप, लोणी सगळे मिळून, असे भारतीय आहारमान आहे. दोन पुरुष आणि दोन स्त्रियांच्या घराचा हिशेब महिन्याला २.७ किलो, म्हणजे सुमारे ३ लिटर. तेल कुठले यावर जेवढे वाद होतात त्याच्या चौथाईही किती यावर होत नाहीत, आणि तब्येतीला दुसरा प्रश्न अधिक भोवतो.

लिटर आणि किलो यांत गल्लत करू नये. १ लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते, तेव्हा १५ लिटरचा डबा १५ किलोच्या डब्यापेक्षा सुमारे १,३५० ग्रॅमने हलका. दिवाळीला डबा घेताना भाव कशाचा आहे हे विचारावेच. तापमान जास्त दाखवून लिटरमागे वजन कमी भरण्याची युक्तीही चाले. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमान न लिहिता वजनासह निव्वळ मात्रा छापण्याचे निर्देश दिले.

घाणा, रिफाइंड आणि भेसळ

रिफाइंड तेलासाठी बिया किंवा पेंड बहुधा हेक्झेन या द्रावकाने निचरून घेतात. मग डिंक काढणे, आम्ल मारणे, रंग उडवणे आणि २०० अंशांहून जास्त तापमानाला वाफेने वास घालवणे. उरते ते स्वच्छ, टिकाऊ आणि निनावी तेल. बुरशी लागलेल्या दाण्यांतले अफ्लाटॉक्सिन हे विष या प्रक्रियेत जवळजवळ निघून जाते, घाण्यात ते पूर्ण जात नाही. घाण्याच्या तेलाचे गुणगान करणारे हा भाग सहसा गाळतात. म्हणून लाकडी घाण्याचे तेल घ्यायचे तर दाणे पाहून घ्यावेत. एक किलो तेलाला अडीच किलोच्या आसपास दाणे लागतात. पेंडीचे पैसे वजा केले तरी दाण्याच्याच भावात 'घाण्याचे शुद्ध' तेल मिळत असेल, तर त्यात दुसरे काहीतरी आहे.

फ्रिजमध्ये ठेवून गोठले तर भेसळ, ही परीक्षा फसवी. शेंगदाणा तेल थंडीत स्वतःच गढूळ होते आणि खोबरेल २४ अंशांखाली घट्ट होणारच. खरी भेसळ घरी कळत नाही. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले, त्यात ६० हून अधिक माणसे गेली.

उरलेले तळण आणि किटली

'वड्याचे तेल वांग्यावर' ही म्हण आज हिशेबाच्या हातचलाखीला वापरतात, पण मुळात ती स्वयंपाकघरातली साधी नोंद आहे. वड्यांचे उरलेले तेल गाळून त्याच दोन दिवसांत भाजीला संपवणे हा आजही योग्य मार्ग. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल बिघडल्याने तयार होणारे पदार्थ, साचतात. उपाहारगृहांसाठी त्यांची मर्यादा १ जुलै २०१८ पासून २५ टक्के आहे. घरी मोजमाप नाही, पण तेल दाटले, वर फेस टिकू लागला, नेहमीपेक्षा आधी धूर आला, की ते टाकावे. जुन्यात नवे मिसळले तर नवेही लवकर बिघडते.

तेलाला हवा, उजेड आणि तांबे-पितळ मानवत नाही. कल्हई उडालेल्या भांड्यात ते लवकर खवट होते. किटलीच्या चोचीभोवती जो तपकिरी चिकट थर साचतो आणि साबणालाही दाद देत नाही, तो हवेत घट्ट झालेल्या तेलाचाच. जवसाचे तेल सर्वांत आधी असे सुकते, म्हणून चित्रकार ते रंगात घालतात. गरम पाणी, सोडा आणि थोडी राख यांनी थर निघतो. निघाल्यावर किटली पूर्ण वाळवून मगच नवे तेल भरावे.